नाही हो, घेतात

रात्रीचे अडीच वाजले होते. नाशिकच्या एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत बाबांना स्ट्रेचरवर धरून ठेवायला दोन वॉर्डबॉय आणि माझा भाऊ असे तिघे लागत होते. आयुष्यभर इस्त्रीचा शर्ट खोचून फिरलेला पासष्ट वर्षांचा माणूस अंगावरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्याच. मधेच तो बँकेतल्या कुठल्या तरी शिपायाला हाक मारायचा आणि कॅश टॅली होत नाही म्हणून चिडायचा. ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्याहून बराच लहान होता. त्याने आईला विचारलं, “काका पितात का?”

“नाही हो,” आई म्हणाली. “घेतात.”

“किती?”

“दोनच.”

“दोन काय?”

हा प्रश्न आईला कळलाच नाही. दोन म्हणजे दोन. डॉक्टरने तो सोडून दिला. “शेवटची कधी घेतली?”

“रविवारी. सोमवारी श्रावण लागला ना. हे श्रावण पाळतात. अगदी कडक.”

‘अगदी कडक’ म्हणताना तशाही अवस्थेत तिच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरने मान हलवली आणि नर्सला म्हणाला, “आधी थायमिन दे, मग सलाइन.” आम्ही सगळे मेंदूचा झटका आला म्हणून धावत आलो होतो. त्याला मात्र ‘श्रावण’ या एका शब्दात निदान मिळालं होतं.

हा संवाद मी पुढे बऱ्याच जणांना सांगितला. सगळे हसतात. मीही हसते. पण आई विनोद करत नव्हती आणि खोटंही बोलत नव्हती. तिच्या लेखी डॉक्टरने विचारलं होतं ते भलत्याच माणसाबद्दल. ‘पिणारा’ म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा नवरा. तो गुत्त्यावर उभ्याउभ्या प्यायचा, घरी येऊन भांडी फेकायचा, कधी नाल्याच्या कडेला झोपायचा. बाबा महिनाभराच्या बाटल्या वहीत टिपून आणायचे. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नाही. त्यांना कोण पिणारा म्हणेल?

मराठीत या एका कृतीला किती क्रियापदं आहेत, हे मी त्यानंतर मोजायला लागले. गरीब पितो. मध्यमवर्गीय घेतो. आपल्याला ज्याचा राग आलाय तो ढोसतो. कॉलेजातली पोरं मारतात, मित्र टाकतात, आणि जरा प्रतिष्ठित मंडळी नुसती ‘बसतात’. “शनिवारी बसायचं का?” एवढं म्हटलं की झालं, कशाला बसायचं हे कुणी विचारत नाही. ‘घेणे’ तर किती सोज्वळ शब्द! आपण तीर्थ घेतो, औषध घेतो, दर्शन घेतो. “चहा घेणार ना?” म्हणून पाहुण्याला विचारतो. घेण्यात कुणीतरी देणारा असतो, आग्रह असतो, रीतभात असते. पिण्यात फक्त घसा असतो.

बाबांनी तीस-पस्तीस वर्षं ‘घेतली’. त्याचा कागद माझ्याकडे आहे. ते गेल्यावर बँकेच्या फायलींमध्ये विम्याच्या पावत्यांना टाचलेला त्यांचा आजन्म परवाना मिळाला. खूप लोकांना माहीत नसतं, पण महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आपल्या राज्यात दारू कायद्याने बंदच आहे, आणि जो पितो तो परवान्याच्या आधारे, अपवाद म्हणून. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळायचा. आणि हा अपवाद कशासाठी, तर परवानाधारकाच्या आरोग्याचं जतन व्हावं म्हणून! कायद्याची भाषा खरोखरच अशी आहे. म्हणजे राज्यातला प्रत्येक परवानाधारक सरकारदरबारी प्रकृतीसाठी दारू घेणारा रुग्ण आहे. बाबांचा परवाना आणि शेवटच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट एकाच फायलीत होते. मी ते वेगळे केले नाहीत.

मधली तीन वर्षं बदली वर्ध्याला होती. त्या जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी. तिथे कसं जमवायचात, असं मी एकदा विचारलं. “जमतं,” म्हणाले. बँकेत कर्ज मंजूर करताना ज्या सुरात बोलायचे, त्याच सुरात.

आमच्या घरी त्याला ‘कार्यक्रम’ म्हणत. सुरुवातीला फक्त शनिवारी. साडेआठला बातम्या संपल्या की बाबा कपाटातून बाटली काढत. आई काकडी चिरून, शेंगदाणे खारवून, पापड भाजून देई. नऊ-सव्वानऊला संपे. मग जेवण आणि झोप. आम्हा भावंडांना तो वेळ आवडायचा, कारण त्या पाऊण तासात बाबा गोष्टी सांगत. इतर वेळी ते अबोल. पुढे शनिवारचा बुधवार-शनिवार झाला, मग रोजचा. कधी झाला, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही. २०१२ साली ते निवृत्त झाले आणि घड्याळ पुढे सरकण्याऐवजी मागे सरकायला लागलं. साडेआठचे आठ, आठचे सात. शेवटी शेवटी दुपारी जेवणाआधी ‘भूक लागावी म्हणून’ एक.

“मला चढत नाही,” असं ते कौतुकाने सांगत. काकाही सांगत, “आमच्या दादाला चढतच नाही, लिव्हर लोखंडी आहे त्याचं.” हे वाक्य मराठी घरांत पराक्रमासारखं बोललं जातं. आता मला त्याचा अर्थ ठाऊक आहे. रोजच्या दारूला मेंदू सरावतो. पूर्वी एका पेगात जे होत होतं त्याला तीन लागतात. लिव्हरला मात्र सवय लागत नाही. त्याला तीन म्हणजे तीनच. न चढणं म्हणजे धोक्याची घंटा वाजायची बंद झालेली असते.

आता त्या ‘दोनच’बद्दल. इस्पितळातून आल्यावर काही दिवसांनी मी बाबांचा तो ठरलेला काचेचा ग्लास काढला आणि भावाला म्हटलं, ते ओततात तेवढं पाणी ओत. त्याने एवढी वर्षं पाहिलं होतं, हात न चुकता थांबला. केकसाठी वापरते त्या मापात मी ते ओतलं. नव्वद मिली. बारमध्ये छोटा पेग तीस मिलीचा आणि मोठा साठचा. म्हणजे आईचे ‘दोनच’ हे सहा छोटे पेग होते. रोजची एक क्वार्टर.

आपल्याकडच्या व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तीस मिलीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम निस्तरू शकतं. त्याचा वेग ना लिंबूपाण्याने वाढतो, ना गार पाण्याच्या आंघोळीने, ना कॉफीने. क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम. आठला बसलेल्या माणसाचं लिव्हर पहाटे तीन-चारपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कामाला मोकळं नसतं. बाबा पहाटे चारला उठून बसायचे. आम्हाला वाटायचं, वयाने झोप कमी झाली.

हाच हिशेब बिअरचा करून पाहिला तेव्हा मला जास्त धक्का बसला. ‘आज फक्त बिअर’ म्हणणाऱ्याच्या हातातली आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँगची बाटली म्हणजे चाळीस ग्रॅम. चार छोटे पेग. आणि माझ्या हातातला वाइनचा ग्लास? दीडशे मिली, बारा टक्के, चौदा ग्रॅम. त्यावर पुन्हा येईन.

श्रावणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

गटारीला (आई तिला दिव्यांची अमावस्या म्हणते, आणि तिचं बरोबर आहे) रात्री बाबा मटणाबरोबर शेवटची घ्यायचे आणि महिनाभर बाटलीला हात लावायचे नाहीत. हा त्यांचा पुरावा होता. कुणी विषय काढला की म्हणत, “व्यसन असतं तर महिनाभर सुटली असती का?” आम्हालाही तो बिनतोड वाटायचा. महाराष्ट्रात किती घरांत हाच पुरावा पुढे केला जात असेल, देव जाणे. कुणी श्रावण पाळतो, कुणी चातुर्मास, कुणी नवरात्र. माणूस थांबू शकतो एवढंच त्यातून कळतं. तो परत का सुरू करतो आणि भाद्रपदाची वाट कशी बघतो, ते त्यात येत नाही.

२०१७च्या आधीच्या दोन श्रावणांत पहिले चार दिवस बाबांना घाम फुटायचा. बोटं थरथरायची, चहाची बशी वाजायची. उपासाने अशक्तपणा आला, असं म्हणून आई राजगिऱ्याचे लाडू द्यायची. त्या वर्षी २३ जुलैला अमावस्या, रविवार. सोमवारी दाढी करताना त्यांना दोनदा कापलं. मंगळवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भावाने मला पुण्याहून बोलावून घेतलं. बुधवारी रात्री मुंग्या आल्या.

डॉक्टरने नंतर समजावलं ते असं. दारू मेंदूचा ब्रेक दाबते. रोज कुणी ब्रेक दाबून ठेवत असेल तर गाडी चालती राहावी म्हणून मेंदू अॅक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. वर्षानुवर्षं दोन्ही दाबलेले. मग एका सोमवारी, मुहूर्त बघून, ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर काय होईल? पहिल्या दिवशी कापरं, घाम, धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, ताप चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. रोज बरीच पिणाऱ्याने मनाच्या बळावर घरच्या घरी एकदम सोडणं हे म्हणूनच धोक्याचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन, पायरीपायरीने ब्रेक सोडावा लागतो. सलाइनच्या आधी थायमिन का, तेही तेव्हा कळलं. फार पिणाऱ्याच्या शरीरात हे बी-वन जीवनसत्त्व जवळजवळ संपलेलं असतं. अशा माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. स्मृतीच जाते, आणि गेलेल्या जागी माणूस मनाने रचलेल्या गोष्टी भरत बसतो.

म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही व्यसन नसल्याचा पुरावा समजत होतो, तीच व्यसनाची तपासणी ठरली. आणि बाबा नापास झाले.

त्याच मुक्कामात सोनोग्राफीने लिव्हर दाखवलं. सिऱ्हॉसिस. बाबांचा पहिला प्रश्न होता, “पण दुखलं कसं नाही कधी?” दुखत नाहीच. दीड किलोचा हा अवयव गुरासारखा राबतो आणि त्याच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत. भरपूर पिणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. ती दारू थांबवली तर काही आठवड्यांत उतरूही शकते, इतकं ते दिलदार आहे. पुढे सूज, मग व्रण, आणि व्रणांवर व्रण चढून दगडासारखी गाठाळ जमीन. तोच सिऱ्हॉसिस. इथवर सगळेच पोचत नाहीत. जास्त पिणाऱ्यांपैकी दर दहात एखाद-दोघे. त्यामुळे प्रत्येकाच्या ओळखीत एक आजोबा असतातच, जे नव्वदीपर्यंत रोज दोन घेऊन ठणठणीत होते. ते आजोबा सगळ्यांना आठवतात. बाकीच्यांचा दाखला द्यायला कुणी बसत नाही.

तेव्हा बाबांनी सोडली. पाच महिने. एकतीस डिसेंबरला काकांनी “एकाने काय होतंय” म्हटलं, आणि पुढचं पाऊण वर्ष मी इथे सांगत नाही. त्याला काही आकारच नव्हता. लपवलेल्या बाटल्या, शपथा, रुसवे. सगळ्या घरांत ते सारखंच असतं. आईने काकडी चिरणं बंद केलं, एवढं मात्र नोंदवते. एवढ्या वर्षांची तिची कामगिरी होती ती.

२०१८च्या दिवाळीत पोट फुगलं. गाठाळ लिव्हरमधून रक्त पुढे सरकत नाही, मागे दाब वाढतो आणि पाणी पोटात झिरपतं. जलोदर हा शब्द मी तोवर फक्त देवीच्या नवसाच्या कहाण्यांत ऐकला होता. सुई घालून पाच लिटर पाणी काढलं. पिवळसर, जरा फेसाळ. बाबा बाटल्यांकडे पाहून म्हणाले, “खंबे भरले की.” आम्ही हसलो नाही. मीठ बंद झालं. सांगते ते खोटं वाटेल, पण दारूपेक्षा त्यांना लोणचं सोडणं जड गेलं.

आणि मग तो कागद. लिव्हरला आतड्यातला अमोनिया आवरेनासा झाला की तो मेंदूपर्यंत जातो. सुरुवात इतकी हळू होते की घरच्यांना वाटतं, म्हातारपण आलं. दिवसा झोप, रात्री जाग. सही वेडीवाकडी, म्हणून धनादेश परत. हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितलं की पक्ष्याने पंख फडफडवावेत तसे ते हलतात. डॉक्टरांनी बाबांपुढे एक कागद ठेवला. एक ते पंचवीस आकडे कसेही विखुरलेले. पेन्सिल न उचलता क्रमाने जोडायचे. चांगल्या माणसाला अर्धा मिनिट लागतं.

आमच्या बाबांना. ज्यांनी कॅल्क्युलेटर आल्यावरही तीन वर्षं तो ड्रॉवरमधून काढला नव्हता. जे खातेवहीच्या पानावरून करंगळी फिरवत बेरीज करायचे आणि खाली पोचेपर्यंत उत्तर तयार असायचं. ते सातवर थांबले. आठ त्यांच्या अंगठ्याखाली होता. अंगठा उचलायचं सुचेना. डॉक्टर घड्याळ बघत होते, मी बाबांच्या मानेकडे बघत होते. तेरावरून ते सतरावर गेले, परत आले, माफी मागितल्यासारखं हसले. अडीच मिनिटांनी पंचवीस आला. “टॅली झालं,” म्हणाले.

पिऊन कुणी गटारात पडलं की त्याची लाज सगळ्या गल्लीला दिसते. ही लाज त्या चार फुटांच्या टेबलावर होती, आणि ती फक्त त्यांना आणि मला कळली.

त्यावर औषध म्हणजे एक गोड, चिकट पातळ सिरप. दिवसाला दोन-तीनदा शौचाला झालंच पाहिजे, म्हणजे अमोनिया बाहेर पडतो. आईने वही केली. जिथे बाबा पूर्वी बाटल्या टिपायचे, तशाच वहीत. मोजण्याची सवय आमच्या घराण्यात आहे. जे मोजायला हवं ते सोडून बाकी सगळं आम्ही मोजलं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं नाव डॉक्टरांनीच काढलं. बाबा उसळले. “तिथे पिणारे येतात!” हे त्यांनी इतक्या निरागसपणे म्हटलं की मला कॅज्युअल्टीतली आई आठवली. तरी गेले, माझ्या आग्रहाखातर, एकदा. एका शाळेच्या वर्गात मीटिंग भरायची, लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची. एक सरकारी अधिकारी, एक हमाल, एक कॉलेजातला पोरगा, एक निवृत्त शिक्षक. १९३५ साली अमेरिकेत एक दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या दिवसापुरते प्यायले नाहीत, तिथून ही चळवळ निघाली. १९५७पासून ती भारतात आहे. फी नाही, आडनाव नाही, उपदेश नाही. कायमची सोडायची शपथही नाही. फक्त आजचा दिवस. शपथांना कंटाळलेल्या आमच्या घराला हा मुद्दा फार पटला. प्रत्येकाला तो लागू पडतो असं नाही. कुणाला गोळ्या लागतात, कुणाला महिनाभर केंद्रात राहावं लागतं. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तिथे राहून सावरलेले दोघे जण त्या वर्गातही होते.

बाबा दुसऱ्यांदा आपण होऊन गेले. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी. काय बोलायचे ते आम्हाला कधी सांगितलं नाही, तसा नियमच आहे. पण गटाच्या वाढदिवसाला घरच्यांना बोलावतात, तेव्हा आम्ही ऐकलं. ते उभे राहिले. नुसतं नाव सांगितलं, आणि म्हणाले, “मी दारुडा आहे. चौतीस वर्षं मी पीत होतो.” आईने माझा हात दाबला. शब्द तिच्याही कानाला लागला होता.

मे २०२०मध्ये टाळेबंदीत दुकानं उघडली आणि राज्यभर रांगा लागल्या, तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसून होते. मी घाबरून फोन केला. “रांगेत आपलं कुणी दिसतंय का बघतोय,” म्हणाले, आणि झूमवरच्या मीटिंगची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

माझ्याबद्दल सांगायचं राहिलं. मीही घ्यायचे. शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर वाइन. नाशिकची मुलगी म्हणून मला तो जवळजवळ माहेरचा अभिमान वाटायचा. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य टीव्हीवर फार गाजलं. माझ्या मैत्रिणींनी ते टाळ्या वाजवून स्वीकारलं. पुन्हा तेच, शब्दांचं पावित्र्य! लाल वाइन हृदयाला चांगली, हेही आम्ही एकमेकींना सांगायचो. ज्या अभ्यासांवरून ते पसरलं, त्यांतल्या पुष्कळांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. त्यांच्या शेजारी थोडी पिणारा निरोगीच दिसणार. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रकृतीला निर्धोक असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्तन, या सात ठिकाणच्या कॅन्सरशी तिचा संबंध पक्का झालेला आहे. कॅन्सर घडवतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत ती १९८८पासूनच आहे, तंबाखूच्या पंगतीला. स्तनांच्या कॅन्सरचा धोका तर अगदी थोड्या प्रमाणातही वाढतो. त्यात बायकांच्या शरीरात पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तेवढ्याच घोटाला रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त चढतं.

हे वाचून मी बाटल्या फोडल्या वगैरे नाहीत. मी अजूनही वर्षातून दोन-चारदा एखादा ग्लास भरते. एवढंच की मैत्रिणींनी “तू घेतेस ना?” म्हटलं की मी “पिते, कधीमधी,” असं म्हणते. टेबलावर क्षणभर शांतता होते. कुणीतरी चकण्याची बशी पुढे सरकवतं.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा ते पंचाहत्तर वयाचे १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक, दारू पितात असं आढळलं. पुरुषांत २७.३ टक्के, बायकांत १.६. मला राहून राहून वाटतं, विचारणाऱ्यांनी दारात उभं राहून कुठलं क्रियापद वापरलं असेल?

बाबा तीन वर्षांहून जास्त काळ कोरडे राहिले. त्यांचा शब्द ‘सोबर’. रंग सुधारला, पोटातलं पाणी पुन्हा काढावं लागलं नाही, सही बरीचशी परत आली. पण गाठाळ जमिनीत काय उगवेल ते सांगता येत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते. २०२२च्या पावसाळ्यातल्या सोनोग्राफीत गाठ दिसली. ती कॅन्सरची निघाली. पुढे चार महिने. शेवटपर्यंत शुद्धीत होते, याचं श्रेय ते सिरपला द्यायचे.

दहाव्यानंतर मावशी आल्या. आमचं काम सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांचा नवरा कधीच गेला, २०१४मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन, सरकारी दवाखान्यात. तेव्हा आईने त्यांना दोन हजार रुपये दिले होते आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली होती, “पिण्याने घर धुऊन नेलं बिचारीचं.” आजाराचं नाव तेच होतं. आम्ही ते दोन निराळे मृत्यू समजत होतो.

मावशी खाली बसल्या. आईने त्यांना वर बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत, मग आईच खाली बसली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “आमचेही पीतच होते गं.”

“माहीत होतं की, वहिनी,” मावशी म्हणाल्या. “सगळा खरकट्याचा ढीग माझ्यासाठी ठेवलेला असायचा. आणि एकच ग्लास धुऊन, पुसून, ओट्यावर उपडा. रोज.”